म्हशीच्या पोटातली हळद

आमच्या पोराने घेतलेल्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं, तरी गाडीचं पोट काही दिसत नाही. दिसतं एक काळं प्लास्टिकचं झाकण, त्या झाकणावर आणखी एक झाकण, आणि कोपऱ्यात दवाखान्यातल्या सलाईनसारखी एक पांढरट बाटली. बाटलीवर दोन रेघा. दोन रेघांच्या मध्ये गुलाबी पाणी दिसलं की झालं, कूलंट तपासून झालं. गुलाबी तरी किती, तर लग्नाच्या पंगतीआधी वाटतात त्या सरबतासारखं. कुणी ग्लास पुढे केला तर मी ओतून दिलं असतं. सर्व्हिसिंगच्या मुलाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "अंकल, आता तीन-चार वर्षं याच्याकडे बघायचंच नाही." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चहाच्या आधी, बॉनेट उघडून बघितलं. तेव्हापासून रोज बघतो. हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीत समोरच्या घरातल्या बाईंचा असा समज झाला आहे की म्हातारा गाडीची काकडआरती करतो. माझे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. कंबर वाकते, पण परत यायचं तिच्या मर्जीवर असतं. बॉनेट उचलताना बिजागरीचा आवाज कोणता आणि माझ्या खांद्याचा कोणता, हे आतल्या खोलीतून फक्त बायकोला ओळखता येतं. थकलो आहे, दुसरं काय. पण ही सवय माझ्या आधी जायची नाही, कारण ती मुळात माझी नव्हेच. ती बाबांची.

बाबांची भाड्याने चालवायची गाडी काळी होती, रुंद होती, एकदा बसली की उठायला तयार नसायची आणि पाण्याशिवाय तिचं पानही हलत नसे. म्हणून आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीने तिचं नाव म्हैस ठेवलं होतं. पुढे घरातले सगळे, बाबासुद्धा, तिला म्हैसच म्हणू लागले. लग्नाला नवरदेव, दिवस भरलेल्या बाईला दवाखाना, कुणाच्या अस्थी रामटेकला, असा तिचा संसार. निम्म्या नागपुराला तिने बोहल्यावर चढवलं आणि उरलेल्या निम्म्याला जन्माला घातलं, असं मी सांगतो तेव्हा पोरं हसतात. हसू देत. आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि पुढचं अंगण म्हशीचं होतं. आम्ही चौघं, म्हणजे बाबा, माय, दादा आणि मी, तिच्या कडेकडेने जगायचो. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळायचो, पण सावली पहिली तिला. अंगणातल्या कडुलिंबाखाली खाट टाकायची असेल तर म्हैस हलण्याची वाट पाहावी लागे.

बाबा रोज संध्याकाळी तिच्या इंजिनाखाली त्या दिवसाचा पेपर सरकवून ठेवायचे. सकाळी तो पेपर बाहेर ओढायचा आणि वाचायचा. बातम्या आदल्या दिवशीच वाचून झालेल्या असत. हे दुसरं वाचन थेंबांचं. काळा डाग म्हणजे तेल, नुसता ओला गोल म्हणजे पाणी, आणि कागद कोरडा म्हणजे घरात आनंद. मग रेडिएटरचं झाकण. बाबा ते असं फिरवायचे की जणू आत कुणी झोपलं आहे. दोन बोटं घालून पाणी कुठवर आहे ते पाहायचे, बोटांना काय लागतं ते अंगठ्याने चोळायचे, वास घ्यायचे, रबरी नळ्या हापूस निवडल्यासारख्या दाबून पाहायचे. आमच्या गल्लीच्या विहिरीचं पाणी इतकं जड होतं की चहाच्या भांड्याच्या तळाशी चुना बसायचा. माझ्या मते आणखी दहा वर्षं ते भांडं वापरलं असतं तर त्यातून एक लहान घर बांधून झालं असतं. ते पाणी म्हशीला बाबा देत नसत. माय रोज एक गंजभर पाणी उकळायची, निवू द्यायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायची, आणि ते पाणी म्हशीचं. "माह्या सासूले मी इतकं पाणी तापवून देल्लं नाई, जितकं या म्हशीले देल्लं," असं माय चुलीकडे पाहून म्हणायची. बाबा म्हणायचे, "तुह्या सासूचं इंजिन थंड होतं वं."

ते पाणी वाहायचं काम माझं होतं. दादा छापखान्यात नोकरीला, हात शाईचे, म्हणून त्याला सूट. मी कॉलेजात नापास होऊन घरी बसलेला, गाडी चालवायला शिकलेला, म्हणजे पाण्याला मोकळा. मी त्या काळात वाहिलेलं पाणी एकत्र केलं तर सक्करदऱ्याचा तलाव दोनदा भरेल आणि वर एक हौद उरेल. पाणी वाहून खांदे उतरलेले असायचे, आणि त्यावर बाबांचे नियम. इंजिन थंड असतानाच पाहायचं. कमी झालं तर का कमी झालं ते आधी शोधायचं, मग भरायचं. आणि गरम गाडीचं झाकण मेलं तरी उघडायचं नाही. बाबांच्या ओळखीच्या एकाने ते घाईत उघडलं होतं; वाफेने त्याची अर्धी मिशी नेली आणि झाकण उडालं ते थेट तलावात पडलं, तिथे एका बगळ्याने ते गिळलं. ही गोष्ट बाबांनी मला सांगितली तेव्हा बगळा नव्हता. पण मिशीचं खरं होतं, आणि बाबांच्या उजव्या मनगटावरचा गुळगुळीत डागही खरा होता. "गरम झालेल्या गाडीच्या तोंडाले हात नाई लावायचा," बाबा म्हणायचे. "मानसाचंबी तसंच हाये. निवू द्या, मंग बोला."

दादाचं लग्न ठरलं उमरेडच्या कुंदाशी. कुंदाला वडील नव्हते. सगळं मामाच्या हातात. मामाचे हातमाग होते, आणि ताण्यातला एक धागा सैल दिसला तर अख्खं लुगडं उलगडायला लावणारा असा त्यांचा लौकिक. त्यांच्या मनात आमचं घर भरत नव्हतं. बोलणीच्या दिवशी त्यांनी पोहे संपवले, ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, "गाडीवाल्याच्या घरी पोरगी देऊन राह्यलो. गाडीवाले वेळेचे खोटे असतात, असं मी ऐकतो. म्हणून एकच सांगतो. नवरदेवाची उष्टी हळद बाराच्या आत माह्या दारात पाहिजे. बारा वाजून गेले तं पोरीले मी पाटावरून उठवीन." नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीला लागते, त्याशिवाय तिची आंघोळ नाही आणि पुढचं काहीच नाही. सगळे बाबांकडे पाहू लागले. बाबा म्हणाले, "माही म्हैस दहालेच तुमच्या दारात रवंथ करून राहीन." दादाने मान खाली घातली होती. त्याने कुंदाला एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हापासून छापखान्यात उलटी अक्षरं जुळवत होता. लोकांच्या लग्नपत्रिकांत त्या महिन्यात झालेल्या चुका अजून काही घरांत जपून ठेवलेल्या असतील.

लग्नासाठी म्हणून बाबांनी म्हशीला आयुष्यात पहिल्यांदा कूलंट पाजलं. कुठूनसा हिरव्या पाण्याचा डबा आणला, अर्धं ते आणि अर्धं मायचं उकळलेलं पाणी असं मोजून भरलं. डबा माळ्यावर ठेवताना सगळ्यांना बजावलं, वास गोड येईल पण जहर आहे, मांजरालासुद्धा चाटू द्यायचं नाही. त्या हिरव्या पाण्याने उन्हात गाडी उकळत नाही, आत गंज धरत नाही, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता, पण मामासमोर कमी नको. म्हशीचा साज झाला, कपाळाला झेंडूची माळ झाली, पोटात हिरवं पाणी झालं.

लग्नाच्या आधीचे चार दिवस मी झोपलो की नाही ते मला आठवत नाही. मांडवाच्या बल्ल्या, सतरंज्या, पाहुण्यांचे पिंप, पंगतीची पानं. दर पाहुण्याला पाणी लागतं आणि आमच्याकडे पाहुणे आले होते सगळ्या विदर्भातून. काही तर कुणाचे कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण गोळाभाताच्या पंगतीला ते वेळेवर बसायचे. लग्नाच्या दिवशी सकाळी दादाला हळद लागली. आंब्याच्या पानांनी बायका त्याला पिवळा करत होत्या आणि आतून कढईतल्या वड्यांचा आवाज येत होता, तेव्हा मी म्हशीखालचा पेपर ओढून काढला. पेपरवर एक हिरवा थेंब होता. जुन्या आण्याएवढा. मी तो पाहिला, आणि मला काय कळायचं ते कळलं. रेडिएटरच्या खालच्या शिवणीतून गळत होतं. ते सांगितलं असतं तर बाबांनी जाळी उतरवायला लावली असती, पाना-पकड आली असती, मी पाठीवर आडवा होऊन दोन तास गाडीखाली गेलो असतो. माझे डोळे मिटत होते. मी पेपरची घडी केली, थेंब आत ठेवून, आणि ती घडी डुगडुगणाऱ्या एका खुर्चीच्या पायाखाली घातली. बाबा मांडवातून म्हणाले, "गजू, पाणी पाह्यलं का गा?"

"पाह्यलं. ठीक हाये."

आता वयाच्या या टोकाला मी हजारो खोट्या गोष्टी सांगून बसलो आहे, आणि एकीचंही मला वाईट वाटत नाही. ही तीन शब्दांची तेवढी राहिली.

साडेआठला मी आणि आत्या निघालो. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. दादाला पहिली हळद तिने लावली होती म्हणून उष्टी हळद न्यायचा मानही तिचा. पितळेचा डबा मांडीवर, त्यावर लाल फडकं, बाजूला फिरकीचा तांब्या. ती मागे बसली की म्हैस मागून खाली यायची आणि पुढून आकाशाकडे पाहायची. उमरेड रोडला लागेपर्यंत तिने मला माझं लग्न, माझं नापास होणं आणि माझ्या केसांचा भांग यावर सगळं सांगून टाकलं होतं. मे महिन्याचं ऊन असं की डांबर पायाखाली नव्हे, चाकाखाली रडत होतं. एक कावळा रस्ता ओलांडताना अर्ध्यात विचार बदलून पायी परतला. अर्धी वाट झाली आणि काचेमागचा तापमानाचा काटा हलायला लागला. आधी मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बॉनेटच्या फटींतून पांढरं काही निघालं आणि आत्या म्हणाली, "गजू, म्हशीले घाम आला का?"

पळसाच्या एका झाडाखाली गाडी थांबवली. झाकणाला हात लावायची सोय नव्हती. खाली मात्र हिरवी धार लागली होती, थेंब राहिला नव्हता. आत्या उतरली, पदराने वारा घेत उभी राहिली. तांब्यातलं पाणी आम्ही दोघं घोट घोट प्यायलो आणि मग लक्षात आलं की ते प्यायला नको होतं. हापसा होता, पण त्याचा दांडा वर-खाली केला की आतून नुसता दमेकऱ्यासारखा आवाज यायचा. एसटी एक गेली, दारातूनही माणसं बाहेर लोंबत होती, थांबली नाही. पुढची बाराला. आत्या दर दोन मिनिटांनी विचारायची, "किती वाजले?" आणि मी सांगायचो. इंजिन निवत होतं आणि मी तापत होतो. थकवा सगळा उडून गेला होता, आणि तो उडाल्यावर मला दिसलं की दोन तासांच्या कामासाठी मी दादाचं लग्न पणाला लावलं आहे.

उमरेडकडून कोळशाचा एक ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर उतरला तो आधी दिसलाच नाही, फक्त दात दिसले. बाकी सगळा कोळसा. त्याने बॉनेटमध्ये वाकून पाहिलं, शिवणीवर बोट फिरवलं, आत्याकडे वळून म्हणाला, "पानी मैं देता हूँ अम्मा, लेकिन टिकेगा नहीं. छेद बारीक है. हल्दी है क्या?"

"काहून?" आत्या म्हणाली.

"एक मुट्ठी हल्दी रेडिएटर में डालो. पानी के साथ घूमेगी, छेद में जाके बैठ जाएगी. हम लोग यही करते हैं. लेकिन अब इधर हल्दी कहाँ मिलेगी." असं म्हणून तो पाण्याचा कॅन आणायला ट्रककडे गेला.

आम्ही दोघं पितळेच्या डब्याकडे पाहत राहिलो. आत्या माझ्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती. मग म्हणाली, "किती वाजले?"

"साडेदहा."

"पायी गेलो तं?"

"दादाच्या पोराच्या बारशाले पोचू."

"मंग घाल."

"आत्या, दादाची हळद हाये ते."

"मले माहीत हाये कोनाची हाये. मीच लावली त्याले. हळद डब्यात घेऊन इथिच बसलो तं ते कोनाच्या अंगाले लागनार हाये? घाल म्हणते ना." मी डबा हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "थांब." लाल फडकं बाजूला केलं, एका बोटाने सुपारीएवढा गोळा काढला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला. "इतकं राहू दे. विरजनाले."

ड्रायव्हर कॅन घेऊन आला. मी निवलेलं झाकण बाबांसारखं हळू फिरवलं, त्याने पाणी ओतलं आणि मी माझ्या भावाची उष्टी हळद, तेलासकट, म्हशीच्या तोंडात बोटबोट करून घातली. ड्रायव्हर ते पाहून हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं आमच्याकडे गाडीची अशीच पूजा करतात. "सूखी होती तो अच्छा था," एवढं तो म्हणाला. इंजिन चालू केलं. धार बारीक झाली, मग थेंब झाला, मग थेंबही लाजल्यासारखा थांबला. कॅनमधलं उरलेलं पाणी त्याने आमच्या तांब्यात दिलं.

पुढच्या गावात किराणा दुकान होतं. हळद मिळाली. तिळाचं तेल नव्हतं. जवसाचं होतं, ते घेतलं. आत्याने डब्यात कोरडी हळद टाकली, जवसाचं तेल टाकलं, तांब्यातलं पाणी टाकलं. त्या पाण्याला डिझेलचा वास होता, पण दुसरं पाणी शोधायला वेळ नव्हता. मग झाकणाचा तो गोळा त्यात मिसळून तिने डबा मांडीत धरून गरागरा ढवळला. "चमचाभर दह्यानं गंजभर दूध लागते का नाई? मंग हेबी लागंल." माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असावी. "कोनाले सांगितलं तं तुह्या लग्नात तुले हळद लावाले मी येनार नाई, लक्षात ठेवजो."

आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती आणि मामा घड्याळ हातात काढून ओसरीवर बसले होते. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. बोलण्यासारखा सैल धागा त्यांना सापडला नाही. बायकांनी हळद आत नेली. खिडकीतून मला दिसलं ते एवढंच, की पाटावर बसलेल्या मुलीच्या हाताला पहिली हळद लागली आणि तिने तो हात हळूच नाकाशी नेला. मग खाली घेतला आणि सगळ्यांसारखी मान खाली घालून बसली.

वऱ्हाड मागाहून बसने आलं, लग्न झालं. कसं झालं विचारू नका, मी मांडवाच्या मागे एका सतरंजीच्या गुंडाळीवर झोपलो होतो आणि माझ्यावर आणखी तीन सतरंज्या टाकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, नवरीला निरोप देण्याची गडबड सुरू होती तेव्हा, बाबांनी म्हशीचं झाकण उघडलं. मी दात घासत जवळच उभा होतो. दोन बोटं आत गेली आणि पिवळी होऊन बाहेर आली. हिरव्या पाण्यावर पिवळी साय धरली होती आणि सायीवर आंब्याच्या पानाचा एक तुकडा तरंगत होता. बाबांनी तो चिमटीत उचलला.

"गजू, म्हशीनं आंब्याचं पान कवा खाल्लं?"

मी सगळं सांगितलं. थेंब, पेपर, खुर्चीचा पाय, ट्रक, विरजण. आज्ञा मोडली म्हणून आत्या काय करेल तेही डोळ्यांसमोर आलं, पण बाबांसमोर मला नेहमीसारखं वाढवून सांगता येईना. बाबा बंपरवर बसले. बोटं पुसली. मग म्हणाले, "थेंब आन्याएवढा होता. थोडासा लांबट."

"तुम्हाले कसं माहीत?"

"मी पाह्यला होता, पहाटीच. वाकून शिवण पाहाले गेलो तं कंबरीनं खाली जाऊ देल्लं नाई. म्हटलं, पोरगा पेपर काढंल तवा पाहीनच. मंग तुले विचारलं. तू म्हणाला ठीक हाये." त्यांनी पानाचा तुकडा खाली टाकला. "मले ते खरं मानून घ्याचं होतं. मीबी लई थकलो होतो, गजू."

बाबा थकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पाऊस थकतो, बैल थकतात, मी तर थकलेलाच जन्माला आलो होतो. पण बाबा म्हणजे रोज सहाला बॉनेट उघडणारी गोष्ट. मला वाटलं आता शिवी येईल, आली असती तर बरं झालं असतं. बाबा उठताना माझ्या खांद्यावर हात टेकून म्हणाले, "पुढं एक कर. थेंब दिसला तं बोलजो. वाकता येत नसलं तं नको वाकू. थकलेल्या मानसाले बोलता तं येते."

त्या हळदीने म्हशीचं छिद्र बुजवलं तसं बाकीचंही सगळं बुजवलं. तेलाने हळदीचे गोळे झाले, रेडिएटरच्या बारीक नळ्या भरल्या. परतीच्या वाटेवर दर दोन कोसांनी थांबून तिला निववत आणावं लागलं. नवी नवरी मागे बसून होती, काही विचारत नव्हती. घरी आल्यावर दोन दिवसांनी बाबांनी रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून दिली आणि मला म्हणाले, निर्मळ येईस्तोवर धू. मायच्या हाताला पंगतींनी फोड आले होते, म्हणून वरून पाणी ओतायला वहिनी आली. हिरवा चुडा, हातांवर अजून पिवळट रंग, आणि खालून गल्लीच्या नालीत वाहतंय पिवळं पाणी, तासन्‌तास, जणू म्हशीचंच लग्न लागलं आहे. वहिनीने एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे. म्हणाली, "अजून आणू का भाऊजी?" मी म्हटलं, "आणा." तिसऱ्या दिवसापासून म्हशीचं पाणी उकळायचं काम तिने मायच्या हातून घेतलं. मी तिला त्या दिवसाचं कधी सांगितलं नाही. दादालाही नाही. आत्या माझ्या लग्नात आली, मला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हळद लावली, आणि माझ्या कानात म्हणाली, "हे शुद्ध हाये." मग तीही गेली, बाबा गेले, म्हैस भंगारात गेली, आणि दोन वर्षांपूर्वी दादा गेला.

परवाच्या रविवारी सकाळी पोरगा, सून आणि वहिनी रामटेकला निघाले. वहिनी आता आमच्याकडेच असते. सगळे गाडीत बसलेले, एसी लागलेला, गाडी दारातून थोडी मागे घेतलेली, आणि जिथे ती रात्रभर उभी होती त्या फरशीवर मला एक थेंब दिसला. मला खाली वाकता येत नाही. आदल्या दिवशी पाठ धरली होती म्हणून त्या सकाळी बॉनेटही उघडलं नव्हतं, रात्री झोप नव्हती, आणि पोराने नऊच्या आत पोचायचं ठरवलं होतं. मी काहीच बोललो नसतो तर कुणाला कळलं नसतं. मी काठीने बॉनेटवर टकटक केलं.

"थांब. थेंब हाये."

"बाबा, एसीचं पाणी असेल," पोरगा काच खाली करून म्हणाला. "आता सगळ्याच गाड्यांतून पडतं."

"एसीचं पाणी गुलाबी नसते. इंजिन बंद कर. उतर आणि वाकून पाहा, मला वाकता येत नाही."

त्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने घड्याळाकडे. मग तो उतरला, गुडघ्यावर बसला, बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि बॉनेट उघडायला गेला. बाटलीतलं पाणी खालच्या रेघेच्याही खाली होतं. मागची काच हळूहळू खाली आली. वहिनी मांडीवर नैवेद्याचा डबा घेऊन बसली होती.

"काय झालं भाऊजी?"

"गळून राह्यलं वहिनी. बारीक आहे."

वहिनीने डबा बाजूला ठेवला आणि दाराला हात घातला.

"हळद आणू का घरातून?" ती म्हणाली. "जवसाचं तेल मात्र नाई आपल्याकडं."

मी बॉनेट धरून उभा राहिलो. पोरगा विचारत होता, कसली हळद.